भावाला एपिलेप्सी (अपस्मार, मिरगी), पण त्याचा एमआरआय नॉर्मल. मला कधीच फिट आली नाही, पण माझ्या एमआरआयमध्ये तीन गोष्टी निघाल्या. मला फिट येणार का?

तुमचा प्रश्न मोठा होता, म्हणून इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ३१. मोठ्या भावाला सोळाव्या वर्षापासून फिट्स येतात, औषधं चालू आहेत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी येतेच, आणि त्याचा एमआरआय नॉर्मल आहे. तुम्ही एका संशोधनात निरोगी स्वयंसेवक म्हणून मेंदूचा एमआरआय करून घेतला. त्यात मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागाच्या पुढे सुमारे दोन सेंटीमीटरची अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, काही बारीक पांढरे ठिपके, आणि ‘डावा हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित मेंदूचा आतला भाग) गोलसर, पूर्ण वळलेला नाही’ असं लिहून आलं. शेवटी नेहमीचं ‘क्लिनिकल कोरिलेशन करावं’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहावं. आता तुम्ही विचारताय की ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करू का, गोळ्या सुरू करू का, आणि हे सगळं असं उलटं कसं.

काळजीत असलेल्या माणसाला आधी उत्तर हवं असतं, ते देते. या तिन्हीपैकी कशावरूनही तुम्हाला एपिलेप्सी आहे असं ठरत नाही. आज गोळ्यांची गरज नाही. ईईजी उगाच करू नका. फक्त एक अट आहे: ‘मला फिट कधीच आली नाही’ हे तुमचं वाक्य एकदा नीट तपासून घ्यायला हवं. ते कसं, ते पुढे सांगते.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मेंदूचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातले बरेच फिट्सच्या पेशंटचे असतात. तुमच्यासारखे रिपोर्ट मीही लिहिते, त्यामुळे ती भाषा वाचून घरी काय होतं याची मला कल्पना आहे.

एपिलेप्सी हे निदान चित्रावरून होत नाही. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१४ मध्ये व्याख्या नव्याने मांडली. तिच्यानुसार, तात्कालिक कारण नसताना (म्हणजे साखर फार उतरणं, मेंदूत जंतुसंसर्ग, दारू एकदम बंद करणं असं काही नसताना) चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट्स आल्या, तर ती एपिलेप्सी. किंवा तशी एकच फिट आली, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता निदान ६० टक्के आहे असं दिसत असेल, तरीही एपिलेप्सी. काही ठरावीक सिंड्रोम वेगळे. आता बघा, यात एमआरआय कुठे येतो? मुख्यतः दुसऱ्या कलमात, आणि तोही एक फिट येऊन गेल्यावर. शून्य फिट असलेल्या माणसाच्या मेंदूत काहीही दिसलं, तरी या व्याख्येत त्याला जागा नाही.

मग निरोगी माणसांच्या स्कॅनमध्ये इतकं दिसतं तरी का? कारण मेंदू नाका-डोळ्यांइतकाच प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि आपण तो बघायलाच अलीकडे लागलो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुठलीही तक्रार नसलेल्या १००० स्वयंसेवकांचे एमआरआय तपासले. १८ टक्के लोकांत काही ना काही वेगळं सापडलं. तातडीने डॉक्टरकडे पाठवावं असं मात्र जेमतेम १ टक्का लोकांत होतं. नंतर २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सुमारे साडेएकोणीस हजार लोकांची आकडेवारी काढली गेली. त्यात पांढरे ठिपके आणि लक्षणं न दिसता होऊन गेलेले छोटे स्ट्रोक मोजणीतून वगळले, तरी २.७ टक्के, म्हणजे दर ३७ माणसांत एकाला, अनपेक्षित काहीतरी निघालं. स्कॅन जितका बारीक, तितकं हे प्रमाण वाढतं. तुम्ही या गर्दीतले आहात, आजाऱ्यांच्या नाही.

आता तुमच्या तीन गोष्टी.

पांढऱ्या ठिपक्यांवर फार वेळ घालवत नाही. फ्लेअर नावाच्या चित्रात ते उठून दिसतात, वयाबरोबर वाढतात, ब्लडप्रेशर, धूम्रपान, मायग्रेन यांच्याशी त्यांचं नातं आहे. तुम्हाला ते मोजकेच आहेत आणि आतल्या पांढऱ्या भागात आहेत. फिटची सुरुवात होते ती मेंदूच्या करड्या भागात, मुख्यतः वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये. कॉर्टेक्सपासून दूर बसलेल्या दोन-चार ठिपक्यांना फिटचं कारण ठरवणं चुकीचं. ब्लडप्रेशर एकदा मोजून घ्या, एवढंच.

अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट ऐकायला भयंकर वाटते, कारण ‘सिस्ट’ म्हटलं की मनात ट्यूमरच येतो. ही ट्यूमर नाही. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच पाणी भरलेली पातळ पडद्याची पिशवी, बहुतेकांना जन्मापासूनची. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला असते, डाव्या टेम्पोरल भागापुढची जागा तर तिची सर्वांत आवडती, आणि पुरुषांत जास्त. ती मेंदूच्या पेशींत नसते, मेंदूच्या बाहेर असते. फिट्सचा संबंध तिच्याशी पूर्वी सर्रास लावला जायचा. पण ज्यांना सिस्टही आहे आणि फिट्सही, अशांत फिट नेमकी कुठून सुरू होते हे तपासलं, तेव्हा पुष्कळदा ती जागा सिस्टच्या शेजारची नव्हतीच. म्हणजे दोन गोष्टी एकाच डोक्यात योगायोगाने राहत होत्या. मोठ्या माणसात ती सहसा वाढत नाही. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणं, उलट्या, नजर अंधूक होणं असं काही झालं, किंवा डोक्याला जोरात मार लागला, तर मात्र दाखवायला जा. मार लागल्यावर अशा सिस्टच्या कडेने रक्तस्राव होण्याची थोडी शक्यता असते, म्हणून तेव्हा डॉक्टरांना ‘मला सिस्ट आहे’ हे सांगायचं.

तिसरी गोष्ट हिप्पोकॅम्पसची, आणि मला वाटतं तुमची झोप तिनेच उडवली आहे. तुम्ही इंटरनेटवर ‘हिप्पोकॅम्पस’ आणि ‘एपिलेप्सी’ एकत्र शोधलंत आणि हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसपाशी, म्हणजे हिप्पोकॅम्पस सुकून कडक होण्यापाशी, पोचलात. तो खरोखर एपिलेप्सीचा नामांकित गुन्हेगार आहे. पण तुमच्या रिपोर्टमध्ये तो नाही.

बघताना मी काय करते ते सांगते. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ काप एकेक करून पुढे सरकवते. डावं-उजवं शेजारी ठेवून तीन प्रश्न विचारते. एक बाजू लहान, सुकल्यासारखी आहे का? फ्लेअरवर ती दुसरीपेक्षा पांढरी चमकते आहे का? आणि आतले थर, जे चांगल्या स्कॅनमध्ये बारीक रेघांसारखे दिसतात, ते पुसले गेलेत का? या तिन्हींचं उत्तर हो आलं की मी स्क्लेरोसिस लिहिते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सिग्नल आणि आकारमान सामान्य’ असं स्पष्ट आहे. वेगळा आहे तो फक्त आकार. गर्भात असताना हिप्पोकॅम्पस आतल्या बाजूला वळत जातो. काहींत तो पूर्ण वळत नाही, मग आडवा-लांबट दिसण्याऐवजी गोल, उभट दिसतो. हे किती जणांत असतं? २०१५ च्या एका अभ्यासात दोन हजारांवर तरुणांचे एमआरआय याच एका गोष्टीसाठी पाहिले गेले. डाव्या बाजूला १७ टक्के, उजव्या बाजूला ६ टक्के. सहा माणसं समोर उभी केली तर त्यांतल्या एकाचा डावा हिप्पोकॅम्पस तुमच्यासारखा. एपिलेप्सीच्या पेशंटमध्ये हे प्रमाण काहीसं जास्त आढळतं हेही खरं आहे, लपवत नाही. पण फिट ज्या बाजूने सुरू होते ती आणि हा आकार ज्या बाजूला आहे ती जुळतेच असं नाही. त्यामुळे एकट्या माणसाच्या बाबतीत त्यावरून काही भाकीत करता येत नाही.

आता त्या ‘क्लिनिकल कोरिलेशन’बद्दल. लोकांना वाटतं की डॉक्टर जबाबदारी झटकतायत. कधीकधी तसंही होत असेल, पण फिट्सच्या बाबतीत त्या दोन शब्दांत खरा अर्थ आहे, आणि तो आकड्यांनी दाखवता येतो.

कॅव्हर्नोमा घ्या. रक्तवाहिन्यांचा छोटा गुच्छ. मधे पॉपकॉर्नसारखा, कडेला जुन्या रक्ताच्या लोहाची काळी किनार. एकदा बघितला की विसरत नाही. समजा माझ्यासमोर दोन स्कॅन आहेत, दोन्हीत कॅव्हर्नोमा उजव्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागात, कॉर्टेक्सला लागून, आकारही सारखा. पहिल्यासोबत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलंय ‘निरोगी स्वयंसेवक’. दुसरीवर लिहिलंय ‘परवा पहिल्यांदाच फिट, डाव्या हातापासून सुरुवात, दोन मिनिटं’. चित्र एकच. पण कॅव्हर्नोमा असलेल्या लोकांचा पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात, ज्यांच्यात तो केवळ योगायोगाने सापडला होता त्यांना पुढच्या पाच वर्षांत पहिली फिट येण्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं. आणि रक्तस्राव न झालेल्या ज्यांना त्या कॅव्हर्नोमामुळे एक फिट येऊन गेली होती, त्यांना पाच वर्षांत एपिलेप्सी होण्याचं प्रमाण ९४ टक्के. तोच काळा ठिपका, एका चिठ्ठीवर चार आणि दुसरीवर चौऱ्याण्णव. हा फरक माझ्या मशीनने केलेला नाही. तो डाव्या हाताच्या त्या दोन मिनिटांनी केला, आणि ती दोन मिनिटं कुणीतरी नीट पाहून नीट सांगितली म्हणून तो कळला. दुसऱ्या पेशंटच्या बाबतीत जागाही जुळते: उजवा फ्रंटल भाग डावा हात चालवतो. हे जुळणं म्हणजेच कोरिलेशन.

आणि हा कॅव्हर्नोमा म्हणजे खरोखर फिट्स आणणारी गोष्ट. त्याच्याही बाबतीत फिट न आलेल्या माणसाचा आकडा इतका कमी आहे, तर तुमच्या सिस्टची आणि गोल हिप्पोकॅम्पसची काय कथा.

आता ती अट. ‘कधीच फिट आली नाही’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडून हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस असतो. तुम्ही भावाच्या फिट्स पाहिल्यात, म्हणून तुमच्या मनात तर तेच चित्र पक्कं असणार. पण फिट इतकीच नसते. शांत बसून आठवा. सकाळी उठल्या उठल्या हाताला अचानक झटका बसून कप किंवा ब्रश उडाल्यासारखं होतं का, विशेषतः अपुऱ्या झोपेनंतर? पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटून, सोबत ‘हे सगळं आधी घडलंय’ अशी तीव्र भावना, जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच साच्यात, असं होतं का? (नुसतं आधी घडल्यासारखं वाटणं अनेक निरोगी लोकांना होतं; तोच साचा पुन्हा पुन्हा येणं महत्त्वाचं.) बोलता बोलता तुम्ही अर्धा-एक मिनिट हरवता, ओठ चाटता किंवा कपड्याशी चाळा करता, असं कुणी सांगितलंय का? सकाळी जीभ कडेने चावलेली, अंग ठेचल्यासारखं, अंथरूण ओलं, असं कधी झालंय? लहानपणी तापात फिट आली होती का, हे आई-वडिलांना विचारा. हे प्रश्न स्वतःला विचारा आणि तुमच्यासोबत राहणाऱ्या माणसालाही, कारण यातलं बरंचसं आपलं आपल्याला कळत नाही.

यातल्या कशालाही ‘हो’ आलं, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि सीडी किंवा फिल्म बरोबर न्या, नुसता कागद नको. मग तुमच्या रिपोर्टचं वजन बदलेल आणि तो पुन्हा नव्या नजरेने वाचावा लागेल. सगळ्याला ‘नाही’ आलं, तर एक भेट पुरे, तीही मनाच्या समाधानासाठी. शिवाय संशोधनासाठी केलेला स्कॅन निदानासाठी केलेला नसतो. कुठले काप घ्यायचे हे संशोधनाच्या प्रश्नावर ठरतं. कुणाला शंका वाटलीच तर नेहमीच्या पद्धतीने तो पुन्हा करता येतो.

ईईजीबद्दल माझं मत ठाम आहे: प्रश्नच नसताना ईईजी करू नये. एपिलेप्सी असलेल्या माणसाचा पहिला ईईजी निम्म्याहून अधिक वेळा काहीच दाखवत नाही, त्यामुळे नॉर्मल आला तरी तुमची शंका फिटणार नाही. आणि निरोगी माणसातही तो क्वचित गडबडतो. ब्रिटनच्या हवाई दलात प्रशिक्षणासाठी आलेल्या तेरा हजारांवर निरोगी तरुणांचे ईईजी तपासले, तेव्हा ०.५ टक्के जणांत फिटसदृश लहरी सापडल्या, आणि त्यांतल्या ज्यांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला त्यांत एपिलेप्सी झाली फक्त एकाला. लहान मुलांत अशा लहरींचं प्रमाण आणखी जास्त. त्याशिवाय ईईजीत टोकदार दिसणाऱ्या पण निरुपद्रवी अशा कितीतरी लहरी असतात, आणि घाईत त्या फिटच्या समजल्या जातात. एपिलेप्सी म्हणून तज्ज्ञांकडे पाठवलेल्या रुग्णांत २० ते ३० टक्क्यांना ती नसतेच, चक्कर किंवा दुसरंच काही असतं, असं वेगवेगळ्या केंद्रांत आढळलंय. आणि त्यामागे चुकीचा वाचलेला ईईजी पुष्कळदा असतो. एकदा चिकटलेलं निदान काढायला वर्षं जातात. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

गोळ्यांचंही तसंच. आज उपलब्ध असलेली औषधं फिट थोपवतात. एपिलेप्सी होण्यापासून अडवतात असं सिद्ध झालेलं नाही. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना आधीच फेनिटॉइन हे फिट्सचं औषध देऊन पाहिलं गेलं, १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी झाल्या, पण नंतर येणाऱ्या फिट्समध्ये फरक पडला नाही. तिथे तर मेंदूला खरी इजा होती. तुम्ही झोप येणं, चिडचिड, यकृतावरचा ताण हे कशासाठी सोसायचं? गाडी चालवण्याचे नियमही देशोदेशी वेगळे असले तरी ते फिट येण्यावर बेतलेले असतात, स्कॅनमधल्या सिस्टवर नाही.

भाऊ-बहिणीला असल्याने तुमची शक्यता वाढते का? थोडी वाढते, आणि त्याचा तुमच्या स्कॅनशी संबंध नाही. एका मोठ्या लोकसंख्या-अभ्यासात एपिलेप्सी असलेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांना चाळिशीपर्यंत ती होण्याचं प्रमाण ४.७ टक्के निघालं, एकूण लोकांच्या साधारण तिप्पट. उलटून वाचलं तर शंभरातल्या ९५ जणांना नाही झाली, आणि त्या चाळीस वर्षांतली ३१ तुमची पार पडली आहेत. शिवाय टेम्पोरल लोब एपिलेप्सी घराण्यात असलेल्या कुटुंबांत, ज्यांना कधीच फिट आली नव्हती अशा जवळच्या नातेवाइकांचे एमआरआय केले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत खराखुरा हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस दिसला होता. स्क्लेरोसिस आहे आणि फिट नाही. तुम्हाला तर तोही नाही.

राहिला ‘उलटं कसं’ हा प्रश्न, आणि इथे मला तुमच्यापेक्षा तुमच्या भावाबद्दल जास्त बोलायचंय. त्याचा एमआरआय नॉर्मल असणं अजिबात विचित्र नाही. काही एपिलेप्सी जनुकीय असतात, त्यांत मेंदूची रचना मुळात ठीकच असते. एका जागेवरून सुरू होणाऱ्या फिट्समध्येही साधारण तिघांत एकाचा स्कॅन नॉर्मल येतो. पण ‘नॉर्मल’चा अर्थ ‘काही नाही’ असाच होतो असं नाही. कधी तो ‘या स्कॅनमध्ये, या डोळ्यांना दिसलं नाही’ असा असतो. जर्मनीतल्या एका अभ्यासात, एका जागेवरून फिट्स सुरू होणाऱ्या रुग्णांमधला दोष साध्या स्कॅनच्या सर्वसाधारण रिपोर्टमध्ये ३९ टक्के वेळा सापडला. तेच साधे स्कॅन एपिलेप्सीच्या जाणकारांनी वाचले तर ५० टक्के. आणि खास एपिलेप्सीसाठी केलेला स्कॅन जाणकारांनी वाचला तर ९१ टक्के. कॉर्टेक्सच्या घडणीतला बारीक दोष पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत सहज निसटतो. एक मिलिमीटरच्या त्रिमितीय कापांत, आणि ‘फिट कुठून सुरू होते’ हे माहीत असेल तर, तो सापडू शकतो.

तुमचा भाऊ औषधं घेतोय तरी फिट्स येतायत असं तुम्ही लिहिलंय. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधं देऊनही फिट्स थांबत नसतील, तर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. अशा वेळी तिसरी-चौथी गोळी जोडत राहण्याआधी एपिलेप्सीचं काम करणाऱ्या केंद्रात जायला हवं, कारण दोष सापडला तर काही जणांना शस्त्रक्रियेने फिट्समधून पूर्ण सुटका मिळते. त्याचा शेवटचा एमआरआय कधीचा, कुठल्या पद्धतीने केलेला, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, हे शोधा. पुढची फिट आली की घाबरून न जाता मोबाइलवर तिचा व्हिडिओ घ्या. सुरुवात शक्य तितकी टिपा, डोकं कुठे वळतं, कुठला हात आधी हलतो, नंतर बोलायला किती वेळ लागतो. स्वतःच्या रिपोर्टसाठी तुम्ही जी न्यूरोलॉजिस्टची भेट ठरवताय, तिला भावाला घेऊन जा, आणि त्याची जुनी सीडी, तो व्हिडिओ आणि औषधांची यादी बरोबर असू द्या.